जबाब घेताना कॅमेऱ्यात हात दिसलेच पाहिजेत

सुरगाणा-पेठकडच्या पाड्यावरची, कधीच शाळेत न गेलेली कर्णबधिर मुलगी. तिच्यावर लैंगिक अत्याचार झालाय आणि तिचा जबाब घ्यायचाय. तिच्या खुणा घरच्या. आईला, बहिणीला कळतात. नाशिकहून सांकेतिक भाषेचा दुभाषी गेला तरी त्याला त्या पुरत्या उमगत नाहीत. अशा वेळी दोघं लागतात: घरच्या खुणा ओळखणारं एक माणूस आणि दुभाषी. मात्र ज्याच्यावर संशय आहे तो, किंवा त्याची बाजू घेणारं कुणी, तिथे बसता कामा नये. आरोपी घरातलाच असू शकतो, हे धरूनच माणूस निवडा.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १७३ प्रमाणे दिव्यांग पीडितेची फिर्याद तिच्या घरी किंवा ती सांगेल त्या सोयीच्या जागी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकासमोर आणि व्हिडिओ चित्रीकरण करून घ्यायची असते. "तिला ठाण्यात आणा" म्हटलं गेलं तर हे कलम दाखवा.

पुढे त्याच संहितेच्या कलम १८३ खाली दंडाधिकाऱ्यांसमोर दिलेला जबाब सरतपासणीच्या (आपल्याच बाजूच्या वकिलाने कोर्टात घेतलेल्या साक्षीच्या) जागी धरला जातो; खटल्यात तिची थेट उलटतपासणी होते. म्हणून चित्रीकरणाकडे डोळ्यांत तेल घालून बघा. चेहरा दिसतोय पण हात टेबलाखाली, तर ती काय म्हणाली हे पुढे कुणालाच पडताळता येत नाही. मुलगी आणि दुभाषी, दोघंही कमरेपासून डोक्यापर्यंत दिसायला हवेत.

"त्याने हात लावला का?" असं विचारू नका. प्रश्न कळला नाही तरी मान डोलावणं अनेकींच्या अंगवळणी पडलेलं असतं, आणि उलटतपासणीत वकील नेमकं तेच पकडतात. कोण, कुठे, मग काय झालं, असं विचारा; चित्र काढू द्या.

वैद्यकीय तपासणीसाठी नाशिकला त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये गुन्हा नोंदवण्याआधीही जाता येतं. उपचार मोफत, ते नाकारणं गुन्हा. गर्भधारणा आणि एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, तेव्हा जबाबासाठी दवाखाना लांबवू नका. कपडे धुऊ नका. ओले असतील तर सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये दमटपणाने बुरशी येते, नमुना वाया जातो.

बौद्धिक दिव्यांग महिला तीस वर्षांची असेल तर "मनाने लहान" म्हणून पॉक्सो (अठरा वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हे स्पष्ट केलंय. तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम ६४(२)(के), म्हणजे दिव्यांग महिलेवरच्या बलात्काराचं कलम, लावून घ्या, किमान शिक्षा दहा वर्षं. फिर्यादीत अपंगत्वाचा उल्लेख पहिल्याच दिवशी हवा आणि दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत सोबत जोडा.