तुम्ही विचारलंत म्हणून : फोन असताना ही पिशवी कशाला?

बँकेत विचारतात, नाटकाच्या तालमीत विचारतात, लग्नकार्यात तर हमखास. "मॅडम, डबा आणलाय होय?" नाही, डबा नाही. पिशवी डब्याचीच आहे, अस्तर जाड असतं म्हणून घेतली. मग आत काय ते सांगावं लागतं, सुचलेल्या चाली रेकॉर्ड करायचं सामान, आणि सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "हे सगळं फोनवर होतं की हो!"

इतकी वर्षं मी हसून वेळ मारून नेली. मागच्या महिन्यात मात्र आमच्या स्पर्धेच्या नाटकातल्या एका पोरीने हेच विचारलं, आणि तिचा सूर टोमण्याचा नव्हता. तिला चाली सुचतात, त्या कशात साठवू म्हणून विचारत होती. तिला मी अर्धा तास भाषण दिलं आणि मुख्य गोष्ट तेवढी गाळली. घरी आल्यावर लाज वाटली.

तर आधी पिशवी. मुठीत मावणारा रेकॉर्डर, डोक्यावर दोन छोटे माइक. बारीक पेन्सिल सेलचे तीन जोड, टूथब्रशच्या डबीत. तारवाले इअरफोन. वाऱ्यासाठी माइकवर घालायची केसाळ टोपी, जी मी भाचीच्या फाटक्या अस्वलाच्या कातड्यातून शिवली. (एसटीत शेजारच्या आजींनी "पिल्लू आहे का गं?" म्हणून हात लावून बघितला होता.) एक जुना, सिमकार्ड नसलेला फोन, फक्त तानपुरा लावायला. तानपुरे बनवणाऱ्या मिरजेपासून हाकेच्या अंतरावर राहून तानपुरा फोनवर लावते याबद्दल जे काही बोलायचं ते माझे गुरुजी बोलून झालेले आहेत. आणि एक जाड नॅपकिन. ही सगळ्यात कामाची वस्तू. रेकॉर्डर पेटीवर किंवा पेटीच्याच टेबलावर ठेवला की भात्याचा प्रत्येक धक्का धप्प धप्प उतरतो. खाली नॅपकिनच्या चार घड्या टाकल्या की निम्मं दुखणं जातं. उरलेलं निम्मं रेकॉर्डर पेटीपासून लांब आणि तोंडापासून वीतभर, जरा तिरका धरला की जातं. पेटी कायम गळ्यापेक्षा मोठी येते, तिला जवळ करायची गरज नसते. हॉटेलात किंवा पाहुण्यांच्या खोलीत साड्यांचं कपाट उघडायचं आणि त्याच्याकडे तोंड करून गायचं. घुमणं कमी होतं. वेडेपणा दिसतो, पण दार लावलेलं असतं.

खर्च विचारता म्हणून, घेतलं तेव्हा सगळं मिळून दहा हजारांच्या आत. त्यात अस्वल धरलेलं नाही.

फोनवर माझा राग का, तेही ऐका. फोन माणसाचं बोलणं नीट यावं म्हणून बनलाय. हळू सुरुवात केली की तो आवाज वर ओढतो, तार षड्जाला, म्हणजे वरच्या साला, गेलं की दाबून टाकतो. म्हणजे मी जे लहान-मोठं करून गायले ते सगळं इस्त्री केल्यासारखं सपाट. तानपुरा लावला तर सलग आवाज म्हणजे पंखा असेल असं समजून कित्येक फोन तो पुसायलाच निघतात. मधेच कोणाचा तरी कॉल येतो आणि रेकॉर्डिंग थांबतं. आता काही अ‍ॅपमध्ये हे चाळे बंद करता येतात, माहीत आहे मला, मुलाने दाखवलंय. पण फोन हातात घेतला की आधी बँकेच्या शाखेच्या ग्रुपवरचे सत्तावीस मेसेज दिसतात, आणि मग चाल कुठली आणि काय!

आणि लिहून का नाही ठेवत? ठेवते. भातखंड्यांची स्वरलिपी, म्हणजे सूर लिहायची पद्धत, मला शाळेपासून येते. कोमल धैवत, म्हणजे उतरलेला ध, त्याच्याखाली आडवी रेघ मारता येते. तो धैवत किती झुलला, आणि शब्द मात्रेच्या किती मागे राहून पडला, याला खूण नाही. माझ्या बहुतेक चालींत चाल म्हणण्यासारखं तेवढंच असतं. बाकीचे सूर कोणाचेही असू शकतात.

हे झालं भाषण. पोरीला इथपर्यंत सांगितलं होतं.

आता गाळलेलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी आलं तेव्हा गावभागातल्या माझ्या माहेरी पलंगाखालच्या ट्रंकेत माझ्या साठेक कॅसेट होत्या, कॉलेजपासूनच्या. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तर चिखलाची वीट. मी रडले नाही. खरं सांगायचं तर थोडं हलकंच वाटलं; त्यातलं बरंचसं वाईट होतं. त्याच दिवाळीत रेकॉर्डर घेतला. रडले ते पुढे, शून्य केबीच्या एका फाइलीवर.

जूनचे दिवस, रत्नागिरीला धाकट्या बहिणीकडे गेले होते. संध्याकाळी पाऊस लागला आणि लाइट गेली. स्वयंपाकघरात ती हाताला तेल लावून फणस फोडत होती, मी गरे सोडवत होते. डोक्यात आमच्या नाटकातली एक ओळ, "पैल दिवा लागला, नाव अजून येईना". त्या ओळीला दोन महिने मी चाल लावत होते आणि दिग्दर्शक "छान आहे, पण..." म्हणत होता. त्या दिवशी ती ओळ तोंडातून आपोआप आली. "येईना"वर कोमल धैवत, तिथे जरा झुलून, आणि "ना" मात्रा निघून गेल्यावर, उशिरा, जणू म्हणणारीचं लक्षच नाही. मी तशीच उठले, चिकट हातांनी. बहिणीची जुनी पेटी ओढली, पट्टी काळी चार, रेकॉर्डर नॅपकिनवर. चालू केला. तारीख, पट्टी, ताल केरवा, कोणाचे शब्द ते आधी बोलले. ही सवय मी मोडत नाही. १९०२ साली गायिका गौहर जान गाणं संपलं की तबकडीवर स्वतःचं नाव सांगायच्या, कारण तबकडी छापायला जर्मनीला जायची आणि तिथल्या माणसाला कळायला हवं कोण गातंय. पाच वर्षांनी ही फाइल ऐकणारी मीसुद्धा तितकीच परकी असणार.

चार-पाच वेळा मुखडा गायले. मग अंतऱ्याच्या मागे लागले, तो काही येईना. मग गप्पा. बावीस मिनिटं झाली असतील, तेवढ्यात रेकॉर्डरचा छोटा पडदा विझला.

दोष माझाच. सेल रिचार्जेबल होते आणि सेटिंग साध्या अल्कलाइनचं. साधा नवा सेल दीड व्होल्टचा, हा १.२चा, त्यामुळे भरलेला असला तरी यंत्र अर्धा दाखवतं. रोज अर्धं बघून अर्ध्याची भीती मेली. शिवाय हे सेल हळूहळू उतरत नाहीत, शेवटपर्यंत तग धरतात आणि एकदम कोसळतात. रेकॉर्डिंग बंद करून फाइल मिटवायलाही त्याला उसंत मिळाली नाही. नवे सेल घातले. फाइल होती. नाव होतं, वेळ होती, आकार शून्य.

आणि मग मी काय केलं? चाल ताजी आहे, आत्ताच पुन्हा धरू, म्हणून त्याच कार्डावर लगेच दुसरं रेकॉर्डिंग केलं. नऊ मिनिटं. आवाज चढलेला, हात थरथरत होते, "येईना" आठवून आठवून लांबवलेलं.

इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने पुढच्या आठवड्यात कार्डाची जशीच्या तशी नक्कल काढली आणि ती ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये कच्चा डेटा म्हणून उघडली. तेव्हा कळलं. पहिलं रेकॉर्डिंग कार्डावर होतंच, नोंद तेवढी झाली नव्हती. कार्डाच्या लेखी ती जागा रिकामी. माझं दुसरं रेकॉर्डिंग बरोबर तिथूनच सुरू झालं आणि पहिल्याची नऊ मिनिटं त्याच्याखाली गेली. म्हणजे चाल वाचवायला मी जे गायले, त्यानेच चाल पुसली. पुढची बारा-तेरा मिनिटं मात्र जशीच्या तशी मिळाली. त्यात पाऊस आहे. फणसाच्या चिकाबद्दल बहीण बोलते. मी अंतरा चाचपडते, अडते, आणि परतताना गात नाही, नुसतं बोलते, "मग परत मुखडा, तो आहेच."

ते "तो आहेच" मी किती वेळा ऐकलंय ते सांगत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. त्या संध्याकाळी फोन कुठे होता? पेटीवर. टॉर्च लावून, भिंतीला टेकवून, माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर. साठ टक्के चार्ज. एक बटण दाबलं असतं तर सपाट का होईना, दबलेली का होईना, चाल माझ्याकडे असती. पण त्याच वर्षी मी एका मित्राला लांबलचक मेसेज लिहिला होता की फोनवर चाल धरणं म्हणजे पत्रावळीत पाणी पिणं. तो मेसेज अजून आहे. तो लिहिणाऱ्या त्या बाईशी मी आता भांडते: तुला चाल हवी होती की चालीचा चांगला आवाज हवा होता? ती म्हणते, वेगळं कसं करणार? आवाजातच तर होती ती. यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. सपाट फाइलीत "ना" उशिरा पडलेला तरी कळला असता, असं मी म्हणते. धैवताचा झोका नसता कळला, असं ती म्हणते. दोघी बरोबर असाव्यात.

आणि बहिणीचं वेगळंच. तिचं म्हणणं, "ताई, तू दोन्ही वेळा एकच गायलीस. मी तिथेच होते. उगाच जीव काढतेस." असेलही. नाटकात दुसऱ्या रेकॉर्डिंगवरूनच चाल बसवली, आणि या वेळी दिग्दर्शकाने "पण" म्हटलं नाही. प्रयोगाला लोक त्या ओळीला गप्प झाले, हे मी विंगेतून बघितलंय. तरी मला तिथे "ना" वेळेवर पडल्यासारखा वाटतो. मागे एकदा बहिणीला म्हटलं, तुला आठवतंय तसं गाऊन दाखव. तिने गायलं. पण तिने तोवर प्रयोग दोनदा बघितला होता, ती नाटकातलंच गायली.

तरीही पिशवी का? असं समजा, की मला ती उघडायला लागणारं अर्धं मिनिट आवडतं. नॅपकिनची घडी घालेपर्यंत मी चाल मनात दोनदा म्हणते. जी तेवढ्यात सुटते तिची खंत करत नाही, असं पूर्वी म्हणायचे. आता म्हणवत नाही. आता फोनही चालू करते, पेटीच्या दुसऱ्या बाजूला, पालथा. दोन्ही फाइली महिनाअखेरीस लॅपटॉपवर. ऐकते कोणती, तर वेळ असेल ती. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ या दर्जाच्या स्टिरिओ रेकॉर्डिंगला मिनिटाला सतरा एमबी. बत्तीस जीबीच्या कार्डात तीस तास मावतात आणि माझ्या अख्ख्या वर्षाच्या चाली त्याच्या निम्म्यातही भरत नाहीत. जागेची अडचण कधीच नव्हती.

सेटिंग बदललंय. कार्डं दोन ठेवते. काही बिघडलं की पहिलं काढून टूथब्रशच्या डबीत टाकायचं आणि त्याला हात लावायचा नाही. पोरीला हे तेवढं सांगायला हवं होतं.

शनिवारी रत्नागिरीला जायचंय, नव्या नाटकाची दोन गाणी अडलीत. काल रात्री सेल चार्जिंगला लावताना मुलाने विचारलंच, "आई, फोन आहे ना?"