बांध कोणी कोरला?

"मॅडम, तुमच्या ड्रोनला पाण्याखालचं दिसतं का?"

करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या काठावर आम्ही एका उपसा सिंचनाच्या पाइपलाइनसाठी सर्वेक्षण करत होतो. ड्रोन उडवला की पोरंटोरं जमतात, तशी जमलीच होती. प्रश्न मात्र पोरांपैकी कुणाचा नव्हता. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक शिक्षक मागे उभे होते. गाव त्यांना गुरुजी म्हणतं, म्हणून मीही गुरुजीच म्हणायला लागले.

मी सांगितलं, नाही दिसत. साधा कॅमेरा आहे, आणि इथल्या गढूळ पाण्यात वीतभर खालचंसुद्धा दिसणार नाही. त्यांनी मान डोलावली आणि पाण्यावर बोट रोखलं. "तिथं आमचं रान होतं. वस्तीपण तिथंच."

उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं की उजनीत खूप काही उघडं पडतं. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ तर दुष्काळी वर्षांत टीव्हीवर ठरलेलं असतं. पाणी हटलेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात. पण उजनीच्या जवळपास ११७ टीएमसी साठ्यातला निम्म्याहून जास्त हा मृतसाठा आहे, म्हणजे धरण मायनसमध्ये गेल्यावरही तळाला उरणारं पाणी, आणि नदीलगतची सखल रानं त्या मृतसाठ्यात आहेत. ती क्वचितच वर येतात. आली तरी बांध विरघळलेले, विहिरी गाळानं बुजलेल्या, सगळं एकसारखं सपाट. गुरुजी एका साली चालत जाऊन आले होते. कुठं उभा आहे तेच कळेना म्हणाले.

ड्रोनला दिसणार नव्हतं, पण दुसऱ्या कशाला तरी दिसलं असण्याची शक्यता होती, ती मी त्यांना बोलून दाखवली.

१९६० ते १९७२ या काळात अमेरिकेचा 'कोरोना' नावाचा गुप्त कार्यक्रम चालू होता. (हो, हेच नाव. साथीच्या आधी आमच्या क्षेत्रात हा शब्द चांगल्या अर्थानं यायचा.) हेरगिरीचे उपग्रह फिल्मवर फोटो काढायचे. फिल्मची कुपी उपग्रहातून सुटायची, पॅराशूटवर तरंगत यायची आणि पॅसिफिकवर घिरट्या घालणारं विमान तिला हवेतल्या हवेत आकड्यात अडकवून घ्यायचं. लक्ष्य होतं सोव्हिएत संघ आणि चीन, पण वाटेत येणारे बाकीचे देशही टिपले गेले. १९९५ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशानं असे साडेआठ लाखांहून अधिक फोटो खुले झाले. आता कुणीही अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर जाऊन ते शोधू शकतो. आधी कुणी स्कॅन करून घेतलेली फ्रेम फुकट, नवी हवी असेल तर ३० डॉलर. शेवटच्या वर्षांतल्या कॅमेऱ्यांना जमिनीवरची दोनेक मीटरची वस्तू ओळखू यायची.

उजनीचं काम सुरू झालं १९६९ च्या सुमारास, धरण पुरं झालं १९८० मध्ये. म्हणजे मधल्या फटीत बसणारा फोटो मिळाला तर बुडण्याआधीचं गाव त्यात असणार.

याची मला नेहमीच गंमत वाटते. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर छोट्या विमानांतून शेतांचे फोटो काढून ते दारोदार विकायचा धंदाच चालायचा. तिकडच्या कित्येक घरांत आपल्या कोठाराचा, गोठ्याचा, अंगणातल्या ट्रॅक्टरचा असा फोटो भिंतीवर असतो. आपल्याकडे विमानातून फोटो काढायचा म्हणजे संरक्षण खात्याची परवानगी, आणि नकाशांवरचे बरेचसे निर्बंध तर थेट फेब्रुवारी २०२१ मध्ये सैल झाले. तेव्हा भीमाकाठच्या शेतकऱ्याला आपल्या रानाचा त्या काळातला, वरून काढलेला फोटो आज सहज मिळवायचा असेल तर तो परक्या हेराकडून.

१९७० च्या हिवाळ्यातली एक फ्रेम मिळाली. ढग नव्हते, हे नशीब. कोरोनाची एक फ्रेम म्हणजे जमिनीवरचा जेमतेम १४ किलोमीटर रुंद आणि तब्बल १८८ किलोमीटर लांब पट्टा. कॅमेरा या बाजूकडून त्या बाजूकडे फिरत फोटो घेतो, त्यामुळे पट्टीच्या टोकांकडचा भाग तिरका आणि आक्रसलेला येतो. तो आजच्या नकाशावर बसवायचा तर तेव्हाही होत्या आणि आजही आहेत अशा जागा लागतात. डिकसळचा इंग्रजांच्या काळातला पूल कामी आला. तेव्हा त्यावरून रेल्वे जायची, धरणानंतर रेल्वेमार्ग हलला आणि पूल मोटारगाड्यांना मिळाला. बाकी माळावरचे रस्त्यांचे तिठे, दोन-तीन टेकाडं. गुरुजींनी जुन्या गावनकाशाची नक्कल आणि सातबारा पाठवला, त्यावरून सर्व्हे नंबरांच्या रेषा वर चढवल्या. जमलं, पण आठ-दहा मीटरची चूक राहणार हे दिसत होतं.

मग गुरुजींना फोन केला. ते आले ते थोरल्या बहिणीला घेऊन.

आक्का पंचाहत्तरीच्या पुढच्या. नऊवारी, जाड चष्मा, हातात कापडी पिशवी. लग्नानंतर थोड्याच वर्षांत त्या माहेरी परत आल्या होत्या. का ते मी विचारलं नाही. रान त्यांनीच केलं. गुरुजी तेव्हा शाळेत होते आणि सुट्टीत वस्तीवर यायचे. दोघांच्या आठवणी वेगळ्या का, हे पुढं सगळं त्यावरून उलगडत गेलं.

मोठ्या स्क्रीनवर फोटो लावला. आक्कांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "ही काय सोनोग्राफी हाय?"

गुरुजी समजावू लागले. ही भीमा, हे गाव, हा ओढा. आक्का "व्हय, व्हय" म्हणत होत्या, पण त्यांना काही लागत नव्हतं हे उघड होतं. मी झूम केलं, रंग उजळला, सर्व्हे नंबराची रेष लाल केली. उपयोग नाही. शेवटी त्याच वैतागल्या. "आरं पण नदी खाली कशी? रानात जाताना नदी म्होरं असती."

त्यांचं गाव नदीच्या उत्तरेला. गावातून रानात जायचं म्हणजे दक्षिणेकडं चालायचं. नकाशात उत्तर वर ठेवायची ही आमची सवय, त्यात आक्का उलट्या चालत होत्या. मी फोटो पुरता उलटा फिरवला. नदी वर गेली, गाव खाली आलं.

याचा आणखी एक परिणाम झाला. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला असतो, सावल्या उत्तरेकडं पडतात. डोळ्यांना मात्र उजेड वरून येतो असं धरून चालायची खोड आहे. उत्तर वर ठेवलेल्या फोटोत त्यामुळे खोलगट जागा उंचवट्यासारख्या भासतात. इतके दिवस मला तो ओढा एखाद्या लांबलचक ताली-बांधासारखा दिसत होता. फिरवल्याबरोबर तो खाली उतरला आणि ओढा झाला.

आक्कांनी स्क्रीनवर बोट टेकवलं आणि चालायला सुरुवात केली. अक्षरशः. गावाची वेस, मग डाव्या हाताला म्हसोबा, मग गाडीवाट फुटते तिथं वळायचं, ओढ्यात उतरायचं, चढायचं. बोटाच्या पुढं पुढं मी फोटो सरकवत होते. म्हसोबा काही दिसत नव्हता, पण गाडीवाट नेमकी तिथंच फुटत होती. बोट एका काळ्या ठिपक्यापाशी थांबलं. "ही हीर."

तीन-चार पिक्सेलांचा तो ठिपका मी झाड समजून सोडून दिला असता. आक्कांनी त्याला लागून असलेली एक फिकट आखूड रेघ दाखवली. "ही धाव." मोट ओढताना बैल ज्या उतारावरून खाली जातात ती. वर्षानुवर्षं बैलांच्या खुरांनी तुडवलेली, गवताचं पातं नसलेली जमीन, म्हणून ती फोटोत पांढरी उमटली होती. विहिरीच्या पलीकडं गर्द काळा चौकोन होता. ओली आणि हिरवी जमीन अशा फोटोत काळी येते. "गहू आन कडंला कांदा," आक्का म्हणाल्या. "बाप मोट हाणायचा आन दारं मी धरायची. थंडीत पाय बधिर व्हायचे." बाकीचं रान फिकट करडं होतं, ते ज्वारीचं.

गुरुजी त्या काळ्या चौकोनाकडं बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले की धरणासाठी भूसंपादन झालं त्या वेळी पंचनाम्यात हे रान जिरायत धरलं होतं. विहीर पडकी, मोट बंद असं लिहिलं होतं. बागायतीचा दर वेगळा होता. हा फोटो तेव्हा असता तर, असं ते म्हणाले आणि थांबले. तेव्हा हा फोटो वॉशिंग्टनकडच्या कुठल्यातरी कपाटात गुप्त शिक्का मारून पडलेला होता. मी काय बोलणार?

मला वाटलं, आता आक्का रडतील. अशा कामात लोक रडतात, मी पाण्याचा ग्लास जवळ ठेवते. आक्का चष्मा पुसून पुन्हा वाकल्या आणि जवळजवळ ओरडल्याच.

"ह्ये बग! कोरलाय का न्हाई बांध? मी म्हनत व्हते का न्हाई?"

शेजारचं रान चुलतभावाचं होतं. दरसाल नांगरताना तो बांधातलं एक तास, म्हणजे नांगराची एक सरी, आपल्यात घेतो, ही आक्कांची तक्रार. चावडीवर गेली, भावकीत गेली, पुढं पाणी आलं आणि दोन्ही रानं बुडाली, म्हणून अर्धवट राहिली. ते चुलतभाऊ आता नव्या गावठाणात यांच्यापासून चार घरं सोडून राहतात.

"आक्का, सोड ना आता," गुरुजी म्हणाले. "सगळं पाण्यात गेलं."

"पाण्यात गेलं म्हून त्याचं झालं व्हय?"

मी माझं शास्त्र पुढं केलं. म्हटलं, आक्का, या फोटोतला एक ठिपका म्हणजे दोन मीटर, साडेसहा फूट. एक तास म्हणजे फार तर दीड फूट. एवढं यात दिसत नाही.

"एका सालाचं न्हाई दिसायचं," त्या म्हणाल्या. "धा सालांचं?"

दहा तासं, पंधरा फूट. दोन ठिपक्यांहून जास्त. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं माझा हिशोब माझ्यावरच उलटवला होता, आणि गुरुजी खिडकीबाहेर बघत हसू दाबत होते.

मग मी खरोखरच मोजायला बसले. गावनकाशात त्या दोन नंबरांमधली रेष सरळ होती. फोटोत नदीकडच्या अर्ध्या भागात बांध आक्कांच्या बाजूला वळलेला दिसत होता, दोन-अडीच पिक्सेल. फोटो बसवतानाची चूक त्याहून कितीतरी मोठी, हे खरं. पण ती चूक एवढ्याशा जागेत सगळं एकाच दिशेला सरकवते. त्यानं रेष जागेवरून हलेल, मध्येच वाकडी होणार नाही. म्हणजे बांध वाकडा होता. तो कोरल्यामुळं, की मुळात बांधला तेव्हापासूनच, की मध्ये काही आडवं होतं म्हणून, हे कॅमेऱ्याला माहीत नव्हतं. आक्कांना मी एवढंच सांगितलं की बांध वाकडा आहे. त्यांना पुढचं ऐकायचं नव्हतं.

गुरुजींना आणखी बरंच पाहायचं होतं. घाट, शाळा, नदीकाठच्या आंब्यांची रांग. शाळेचं छप्पर सापडलं. आंब्यांच्या जागी एकच मोठी सावली होती. ते म्हणाले सात होते, आक्का म्हणाल्या दोन होते आणि त्यातला एक गुरुजी चौथीत असताना वाऱ्यानं पडला. गुरुजींनी वाद घातला नाही, पण त्यांना पटलेलं नव्हतं. जुन्या गावाबद्दल त्यांनी एक लेख लिहून ठेवला आहे, त्यात सात आंबे आहेत. ते सातच राहतील असा माझा अंदाज आहे.

निघताना प्रिंट काढून दिली. मोठ्या कागदावर, गुरुजींसाठी उत्तर वर ठेवून. आक्का म्हणाल्या, "माजी नदी वर करून काढ." ती वेगळी काढली. जिन्यापर्यंत जाऊन त्या परत आल्या. "आन आनखी एक काढ पोरी. त्याच्या घरी द्यायची हाय. बगू दे त्याला."

पैसे घेणार नाही म्हटलं तर ऐकेनात. पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढून टेबलावर ओतल्या.

पुढच्याच आठवड्यात एक अनोळखी फोन आला. चुलतभावांचा मुलगा बोलत होता, अतिशय अदबीनं. फोटो फारच सुंदर आलाय मॅडम, वडील दिवसभर घेऊन बसतात, जेवायलासुद्धा उठेनात. नदीच्या अंगाला बांध वळलाय तिथं बाभळ होती, तिला वळसा घालून बांध होता, हे आत्याला पण माहीत आहे. "पण तुम्ही एक करा. गावाच्या अंगाच्या टोकाला बघा. तिथं बांध आमच्या रानात आलाय. तेवढं मोजून सांगता का?"

मी फाइल उघडली, नदी वर केली आणि बघितलं. आलाय. दीड पिक्सेल.