गूचचा भाव

एका गावसकरला तीन परदेशी. १९८७ साली गिरगावातल्या आमच्या चाळीत हा भाव होता आणि तो कोणी ठरवला हे विचारायची पद्धत नव्हती.

बिग फन बबलगमबरोबर क्रिकेटपटूंचे छोटे फोटो यायचे. मागे रन नाहीतर विकेट छापलेली. गमचा दोन मिनिटांत चोथा व्हायचा, पण फोटोचा गोड वास आठवडाभर टिकायचा. अस्सल माल आम्ही नाक लावूनच ओळखायचो. कारण दुसऱ्या प्रतीचा मालही बाजारात होता: वर्तमानपत्रातले फोटो कापून शर्टाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर खळीने चिकटवलेले. हा धंदा माझा. गमला रोज पैसे कोण देणार? खळ आई मैद्याची करून द्यायची. तिच्या वासावर झुरळं यायची आणि सकाळपर्यंत एखाद्या फास्ट बोलरचा कान गेलेला असायचा. कान नसलेल्या खेळाडूला निम्मा भाव.

त्या वर्षी रिलायन्स कप, म्हणजे क्रिकेटचा वर्ल्ड कप, आपल्याकडे होता. ३१ ऑक्टोबरला नागपुरात गावसकरने न्यूझीलंडला नाबाद १०३ ठोकले आणि एका गावसकरला पाच परदेशी झाले. मग ५ नोव्हेंबरला वानखेडेवर इंग्लंडशी सेमी फायनल. आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, पण तिकीट कुठलं! पहिल्या मजल्यावरच्या टीव्हीसमोर अख्खी चाळ बसली होती, उरलेली गॅलरीत उभी. त्यांचा ओपनर ग्रॅहम गूच आपल्या मणिंदर आणि शास्त्रीला स्वीप मारत राहिला. गुडघा टेकायचा, झाडू फिरवल्यासारखी बॅट. मोजून ११५. गावसकर ४ वर बोल्ड झाला. कपिलने २२ चेंडूंत ३० केले, आता जिंकतोच म्हणेपर्यंत एक चेंडू उचलला तो थेट त्यांच्या कप्तानाच्या, गॅटिंगच्या हातात. पस्तीस रनांनी गेलो.

दुसऱ्या दिवशी बाजार उघडला तेव्हा कपिल कोसळला होता. गावसकर मात्र जागचा हलला नाही. घरच्या माणसाचा भाव पाडायचा नसतो, आपल्या दादर युनियन क्लबचा माणूस तो. (त्याचा तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला, हे पुढे कळलं.) आणि मागणी कोणाला? गूचला! दिवाळी होऊन दोनच आठवडे झाले होते, प्रत्येकाच्या घरी एखाद-दुसरा सुतळी बॉम्ब उरलेला. त्याखाली ठेवायला गूच हवा होता. आदल्या दिवसापर्यंत त्याला कुत्रं विचारत नव्हतं, त्यामुळे गूच कोणाकडेच नव्हता.

माझ्याकडेही नव्हता. माझ्याकडे डेव्हिड बून होता. काळापांढरा, शाई पसरलेला, पण मिशी झकास. शेवटच्या खोलीतला दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. त्याने पुठ्ठा उजेडात धरला.

"हा गूच?"

"मिशी बघ ना."

त्याने मिशी बघितली. मी बदल्यात कपिल मागितला, अस्सल, गमच्या वासाचा. पडेल भावात मिळतोय तोवर घेऊन ठेवावा, एवढी अक्कल मला नवव्या वर्षी होती. नंतर आयुष्यात ती कधी उपयोगी पडली नाही, हा भाग वेगळा. संध्याकाळी चौकात बून उडाला. टाळ्या मीही वाजवल्या.

रविवारी कलकत्त्याला फायनल होती. आपण नव्हतो, तरी सगळे जमले, इंग्लंड हरताना बघायला. मी दादापासून लांब, दाराशी. ऑस्ट्रेलियाचे ओपनर आले. त्यातला एक बुटका, गुटगुटीत. कॅमेरा जवळ गेला, हेल्मेटखाली ती मिशी. मी हळूच चप्पल शोधायला लागलो. बून खेळतच राहिला, ७५ केले. पुढे गॅटिंगने उलटा स्वीप मारायला जाऊन विकेट फेकली, इंग्लंड सात रनांनी हरलं आणि सगळ्या खोलीने बूनच्या नावाने जल्लोष केला. म्हणजे आम्ही ज्याला परवा सुतळी बॉम्बने उडवला होता, त्याच्याच नावाने.

त्या गोंधळात दादा उठला, माझ्याजवळ आला आणि शांतपणे म्हणाला, "काय रे, आपला गूच ऑस्ट्रेलियाकडून कधीपासून खेळायला लागला?"

कपिल परत द्यावा लागला. वर दंड म्हणून एक व्हिव्ह रिचर्ड्स, दोन्ही कान शाबूत असलेला.