एकत्र कुटुंब आणि आजच्या मुली

आजच्या तरुणांना एकत्र कुटुंब नको झाले आहे, असे वडीलधारी मंडळी वारंवार म्हणतात. माझ्या भाच्या-पुतण्यांचे बोलणे ऐकताना मला मात्र तसे वाटत नाही. त्यांना आजी-आजोबा हवे असतात, चुलत भावंडे हवी असतात आणि गौरी-गणपतीला मूळ घरी जाता यावे म्हणून ती रजा राखून ठेवतात.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ साली एकत्र कुटुंबाची जी व्याख्या केली, तिच्यात एका छपराखालचा निवास, एका चुलीवरचे अन्न, सामाईक मालमत्ता आणि सामाईक कुलधर्म या गोष्टी येतात. त्यांतला कुलधर्म तरुणांना फारसा जड वाटत नाही. खरी अडचण चुलीची आहे आणि ती मुलांपेक्षा मुलींना अधिक जाणवते, हे आपण मोकळेपणाने मान्य करायला हवे.

२०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या बिनमोबदला कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, तर घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटे. घरात माणसे वाढली की पोळ्या वाढतात, पाहुणे वाढतात, आणि हे वाढलेले काम बहुधा नव्या सुनेकडेच येते. लग्न ठरवताना माझी भाची म्हणाली, "सासू-सासऱ्यांसोबत राहायला माझी ना नाही, पण सकाळी सहा वाजता ओट्यापाशी मी एकटीच का?" या प्रश्नाला उद्धटपणा म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. शेवटी त्या दोघांनी सासरच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्याने घर घेतले. स्वयंपाक वेगळा असला, तरी रविवारचे जेवण सगळे मिळून करतात, आणि तिच्या मुलाची संध्याकाळ आजोबांजवळच जाते.

प्रश्न उरतो तो म्हातारपणाचा. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली झालेल्या कायद्याने ही जबाबदारी मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांवर टाकली. कायद्यातल्या 'अपत्ये' या व्याख्येत सुनेचा उल्लेख नाही. प्रत्यक्षात मात्र सासऱ्यांच्या आजारपणात नोकरीवरून रजा घेते ती सूनच. भाचीच्या घरी यंदा ती रजा तिच्या नवऱ्याने आणि नणंदेने वाटून घेतली, आणि सासूबाईंनीही त्यात काही वावगे मानले नाही.