आमची वाटचाल: सी ते कासव

सांगलीत विश्रामबागेत दोन खोल्या भाड्याने घेऊन 2009 साली मी आणि माझ्या पत्नीने कॉम्प्युटर क्लास काढला. डिप्लोमाची मुलं यायची, सी या प्रोग्रामिंगच्या भाषेचं प्रॅक्टिकल टर्बो सी या सॉफ्टवेअरवर करायची, परीक्षा झाली की जायची. मे महिन्यात खुर्च्या रिकाम्या, भाडं मात्र चालूच. म्हणून पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी सुट्टीतली बॅच ठेवली. चौदा मुलं आली. आम्हाला येत होतं तेच शिकवलं, सी.

ओळीच्या शेवटी एक सेमीकोलन (;) राहिला की निळ्या स्क्रीनवर इंग्रजीत एरर, आणि तीही बऱ्याचदा पुढच्याच ओळीवर. मराठी शाळेतल्या मुलांना चूक कुठे झाली हेच कळेना. दुसऱ्या आठवड्यात पाच मुलं उरली. एक आई म्हणाली, "सर, त्याला वाटायला लागलंय, आपल्याला डोकंच नाही." त्या रात्री आम्ही दोघं जेवलो नाही. सगळ्यांची फी परत केली.

मग वाचन सुरू झालं. सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयर्झाइग यांनी 1967 मध्येच अमेरिकेत मुलांसाठी लोगो ही प्रोग्रामिंगची भाषा तयार केली होती. तिच्यातलं कासव सांगाल तसं चालतं आणि मागे रेघ उमटवतं. आम्हाला हवं होतं ते हेच. चूक एररमध्ये न लपता मुलाच्या डोळ्यांसमोर काढलेली दिसते.

सहावीतल्या एका मुलीला त्रिकोण काढायचा होता. त्रिकोणाचा कोन 60 चा, म्हणून तिने फॉरवर्ड 100 (100 पावलं पुढे), राइट 60 (60 अंश उजवीकडे वळ) असं तीनदा दिलं. अर्धा षटकोन आला, तोही उघडा. मी काही बोललो नाही, हातात खडू दिला. फरशीवर त्रिकोण आखून ती त्यावरून चालली, कोपऱ्यावर वळताना थांबली, परत मागे आली, पुन्हा वळली. "सर, मी 60 नाही वळले. खूप जास्त वळले!" आणि जागेवर जाऊन 120 टाकलं.

आता चौथी ते सहावीला स्क्रॅच देतो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधून 2007 मध्ये आलेली ही भाषा. ठोकळे जोडायचे, त्यामुळे सेमीकोलनचा प्रश्नच नाही, आणि लाइट असली की इंटरनेटशिवायही चालते. सातवीपासून पायथन ही टाइप करून लिहायची भाषा, पण आधी महिनाभर टायपिंग. पायथनमध्ये टर्टल, म्हणजे तेच कासव, आयतंच असतं, म्हणून तोच त्रिकोण मुलं पुन्हा काढतात, या वेळी स्वतः टाइप करून.

2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंगचा उल्लेख आला आणि फोन वाढले. तिसरीतल्या मुलाला थेट पायथन शिकवून सर्टिफिकेट द्या, असे पालक आले. आम्ही नाही म्हटलं. काही जण दुसरीकडे गेले, त्या वर्षी हप्ते भरताना ओढाताण झाली. तरीही आज पुन्हा तेच उत्तर देऊ.

त्रिकोण काढणाऱ्या त्याच सहावीतल्या मुलीने सुट्टी संपताना पाच टोकांची चांदणी काढली, वळण 144. तिचे वडील यंत्रमागावर काम करतात. त्यांनी विचारलं, "हे 144 कुठून आणलंस?" तिने फरशीवर चांदणी आखली आणि म्हणाली, "पप्पा, चप्पल काढा आणि यावरून चाला. पाच वळणांत तुमच्या पूर्ण दोन गिरक्या होतात का मोजा."