सड्यावरची फेरी: पावसाळ्यानंतर काम कुठवर आलं

रत्नागिरीच्या आसपासच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, कातळशिल्पं (जमिनीवरच्या कातळात कोरलेली जुनी चित्रं) आणि रानफुलं दाखवणारी गावकऱ्यांची फेरी उभी करायचं जे काम आम्ही धरलंय, त्याची ही पुढची नोंद. पाऊस सरला, गवत पिवळं पडून बसलं, आता कुठे कातळ नीट दिसतोय.

आधी रेखाटनाचं. सुतळीने एकेक मीटरचे चौकोन पाडायचे आणि खाच जशी जाते तशी आलेखाच्या कागदावर उतरवायची. कातळात खिळा अजिबात मारायचा नाही, सुतळीची टोकं सुट्या दगडांना बांधली की काम भागतं. खाचेतली माती काढायला हिराचा खराटा पुरतो. खडू, चुना, रंग यांना मनाई. फोटो उठून दिसावा म्हणून रेघा खडूने भरणारे अजून भेटतात, तेव्हा राग येतो. उन्हं तिरपी असताना, म्हणजे सकाळी लवकर किंवा चारनंतर, सगळ्या रेघा आपोआप वर येतात. भर दुपारी हत्तीच्या पाठीवर उभे राहून लोक विचारतात, "हत्ती कुठाय?"

आणि हत्ती लहान नसतो. कशेळी गावातला सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत. काही ठिकाणी गेंडासुद्धा आहे. आज कोकणात गेंडा कुठला? मुलांना हा प्रश्न विचारला की पुढचा अर्धा तास आपल्याला बोलावंच लागत नाही. देवाचे गोठणे या गावच्या चित्राजवळ होकायंत्र न्यावं, काटा भलतीकडेच वळतो.

२०१२ पासून सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चित्रं शोधली ती गावोगावच्या गुराख्यांना, म्हाताऱ्यांना विचारत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत नऊ जागा गेल्या, त्यातल्या सात आपल्या जिल्ह्यातल्या. चित्रं सापडली ती गुराख्यांमुळे, म्हणून फेरीत बोलायचं काम गुरं राखणाऱ्या काकांकडे, आम्ही मागे. काका तारखा सांगत नाहीत. कुठल्या डबक्यात पाणी किती दिवस टिकतं, गुरं कुठे बसतात, कुठून व्हाळात (ओढ्यात) उतरायचं हे सांगतात, आणि सडा कळायला तेच लागतं. सातबाऱ्यावर याच जमिनीला पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, लिहिलेलं असतं. तसं लिहिलं की चिरेखाणीला कोण अडवणार?

फुलांची अडचण वेगळी. पहिल्या पावसानंतर दीपकाडीची पांढरी फुलं येतात आणि थोडक्या दिवसांत संपतात. श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू ही रानफुलं. तेव्हा खाचांत पाणी आणि शेवाळ असतं, चित्रं धड दिसत नाहीत. दोन्ही एकाच फेरीत दाखवायचा हट्ट आम्ही सोडला. पावसाळ्यात फुलं, थंडीत चित्रं. मार्चनंतर फेरी बंद ठेवायचा माझा आग्रह आहे, कारण टिटवी उघड्या कातळावरच अंडी घालते आणि ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. यावर गटात अजून एकमत नाही. मे महिन्यात चाकरमानी येतात, त्यांना नाही कसं म्हणायचं?

नकाशाचं मात्र ठरलं. चित्राची नेमकी जागा द्यायची नाही, वाडीतल्या देवळापर्यंतचा रस्ता द्यायचा. पुढे गावातला माणूस सोबत घ्यायचा आणि त्याची मजुरी फेरीच्या वर्गणीतून. जागा उघडी केलेल्या एका सड्यावर गाड्यांच्या चाकोऱ्या थेट चित्राच्या कडेपर्यंत पोचल्या होत्या. उक्षी गावात गावकऱ्यांनी पुढाकार घेऊन हत्ती राखला, तसा इथेही कडेने गडगा (सुट्या दगडांची बुटकी भिंत) घालायचा विचार आहे. दगड गावात आहेत, जमीनमालकांचं लेखी होकारपत्र यायचंय. ते आलं की मोजमापं आणि गडग्याचा आराखडा इथे टाकतो. कुणी असा गडगा घातला असेल तर पावसाचं पाणी चित्रात तुंबू नये म्हणून वाट कुठून ठेवली, ते जरूर सांगा.