तुम्ही विचारलंत म्हणून: थंडी संपली की मी तेलाची बाटली का आत ठेवते

"तू तर रोज अंगाला तेल लावणारी, मग आता का बंद केलंस?" दरवर्षी थंडी ओसरली की कोणी ना कोणी हे विचारतंच. आणि त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न, की वसंतात आयुर्वेदाप्रमाणे नवीन काय सुरू करू, कुठला काढा, कुठलं चूर्ण. एकेकीला उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते.

नवीन सुरू करायचं फार कमी आहे हो. थंडीत जे लाड केले ते आता आवरते घ्यायचेत, मुख्य काम तेच. अष्टांगहृदय या वाग्भटाच्या आयुर्वेदावरच्या जुन्या ग्रंथात दिनचर्येचा अध्याय दुसरा आणि ऋतुचर्येचा लगेच तिसरा, पण आपण बहुतेक जण दुसरा वाचून उत्साहाने कामाला लागतो आणि तिसऱ्यापर्यंत पोचतच नाही. मीही त्यातलीच. पहिल्या वर्षी दिनचर्या म्हणजे बारा महिने तेच टाइमटेबल असं समजून मी ऊन चढायला लागल्यावरसुद्धा रोज भरपूर तिळाचं तेल, सकाळी तूप, जेवणात दही, सुट्टीच्या दिवशी दुपारची ताणून झोप असं सगळं चालू ठेवलं आणि मग सकाळी उठलं की डोकं जड, घशात कफ, भूक गायब, आणि मी आपली विचार करतेय की एवढं सगळं पाळूनही असं कसं होतंय.

वाग्भटाचं म्हणणं साधं आहे. शिशिरात कफ साठतो, वसंतातल्या उन्हाने तो पातळ होऊन सुटतो आणि अग्नी, म्हणजे पचनशक्ती, मंद करतो, म्हणून त्याचा बंदोबस्त चटकन करा. थिजलेलं तूप उन्हात ठेवलं की कसं वाहायला लागतं, तसंच काहीसं. आणि कफाने भरलेल्या माणसाने, अजीर्ण असलेल्या माणसाने अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणं, करू नये हे तर त्या दुसऱ्याच अध्यायात लिहिलेलं आहे, म्हणजे मी वाचलेल्या पानावर! पण अभ्यंगाचे फायदे वाचून मी इतकी खूश झाले होते की पुढची ओळ डोळ्यांसमोरून गेली आणि डोक्यात शिरलीच नाही.

तर आता तेलाच्या जागी कोरडं उटणं. उद्वर्तन म्हणतात ते हेच, कफ आणि मेद कमी करणारं. मी कुळथाच्या पिठात थोडं त्रिफळा चूर्ण घालते आणि हातापायाला खालून वर, केसांच्या उलट दिशेने चोळते, पाचेक मिनिटं, मग कोमट पाण्याने आंघोळ. बाथरूमभर पीठ सांडतं, ते आधीच सांगून ठेवते. त्वचा फार कोरडी असेल तर तळपायाला आणि कानामागे तेलाचं बोट लावायला हरकत नाही, मी लावते.

व्यायामाबद्दल मात्र गैरसमज खूप आहे. लोक म्हणतात ऊन वाढलं आता व्यायाम कमी करा, तर वसंतात तसं नाहीये. थंडीत आणि वसंतात अर्ध्या ताकदीइतका व्यायाम करावा आणि बाकी ऋतूंत त्याहून कमी, असं सांगितलंय. अर्धी ताकद म्हणजे कपाळावर, काखेत घाम आला, तोंडाने श्वास घ्यावासा वाटायला लागला की थांबायचं. मी सकाळी लवकर भरभर चालते आणि चालून आले की खरी भूक लागते, जी त्या पहिल्या वर्षी कुठे गेली होती कोण जाणे.

खाण्यात जड, थंड, तेलकट, आंबट, गोड कमी. धान्य जुनं घ्यायचं, म्हणजे वर्षभर ठेवलेलं, कारण नवं पचायला जड, आणि जुनं नाही मिळालं तर भाजून घ्या, हलकं होतं. जव चांगले, मूग चांगले. पाणी सुंठ घालून उकळलेलं. मधाचं पाणीही सांगितलंय पण मध गरम पाण्यात टाकायचा नाही, पाणी निवल्यावर टाकायचा. रोज उकळत्या पाण्यात मध घालून "डिटॉक्स" करणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचा. आणि डायबेटिस असेल तर मधाचं डॉक्टरांना विचारूनच.

नाकात अणुतेलाचे, म्हणजे नाकात घालायच्या औषधी तेलाचे, दोन दोन थेंब मी टाकते, चरक या जुन्या आचार्यांनी नस्यासाठी (नाकात औषध घालण्यासाठी) जे तीन ऋतू सांगितलेत त्यात वसंत आहे. पण सर्दी ऐन भरात असताना नाही, जेवल्या जेवल्या नाही. वमन (औषधाने उलटी करवणं) वगैरे मोठे प्रकार घरी व्हिडिओ बघून करायचे नाहीतच, ते वैद्यांच्या देखरेखीखाली. आणि या दिवसांत परागकणांनी शिंका, डोळ्यांना खाज, छातीत घरघर होत असेल तर सुंठ उकळत बसू नका, डॉक्टरकडे जा.

माझी दुसऱ्या वर्षीची चूक सांगायची राहिलीच. चुकलं म्हणून मी एका रात्रीत तेल, तूप, दूध सगळं बंद केलं. चार दिवसांत पोट साफ होईना, टाचांना भेगा, झोप उडाली. मग कळलं की जुन्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि नव्याचा पहिला मिळून ऋतुसंधी असते, त्या चौदा दिवसांत जुनं हळूहळू सोडायचं आणि नवं हळूहळू धरायचं, एकदम केलं तर त्यानेच आजार होतात. आता मी तेल आधी एक दिवसाआड करते, मग आठवड्यातून दोनदा, मग उटणं. तारीख कॅलेंडरवर बघत नाही. पुस्तकात चैत्र-वैशाख असला तरी सकाळची बोचरी हवा गेली, अंगावरचं पांघरूण नकोसं झालं की माझे ते चौदा दिवस सुरू.

हे सगळं जमतं पण दुपारची झोप सुटत नाही. वसंतात दिवसा झोपू नका असं स्पष्ट लिहिलंय, आणि मी सुट्टीच्या दिवशी जेवून उठले की सोफ्याकडे बघायचंसुद्धा नाही असं ठरवते आणि वीस मिनिटांनी तिथेच सापडते. ग्रीष्मात मात्र चालते, तेही त्याच वाग्भटाने लिहून ठेवलंय, सध्या मी तेवढ्याचीच वाट बघतेय.